पडवळाचा दगड

"धाव गं सिंधू! पडलं गं माझं पडवळ! दोन तुकडं झालं गं!"

रविवारची सकाळ होती. शेजारच्या मार्थाबाई नुकत्याच चर्चमधून परतल्या होत्या. बगलेत बायबल तसंच, पदर ढळलेला, आणि हाक अशी की आमच्या भिंगार छावणीतले टांग्याचे घोडे बिथरावेत. माझी बायको सिंधू चुलीवर भाकरी टाकून पळाली. पण तिच्याआधी पोचलो मी. मेंदीचं कुंपण एका उडीत पार! सगळी चाळ म्हणाली, शेजारधर्म असावा तर असा.

मी का धावलो, हे मात्र आजवर कुणाला ठाऊक नाही. सिंधूलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो — पण जरा वळशानं. एकदम कसं सांगू?

मी लष्करी वर्कशॉपात फिटर, मार्थाबाई दवाखान्यात आया. दोघांची क्वार्टरं भिंतीला भिंत, परसाला परस. दुष्काळात त्या परसात माती नव्हतीच, खापर होतं नुसतं. पहार मारली की ठिणगी उडायची. त्या ठिणगीवर मी विडी पेटवलेली आहे. खोटं वाटतं? बरं, एकदाच पेटवली.

आणि मग पाऊस पडला, दुष्काळ सरला, आणि मला वेड लागलं! उन्हाळाभर टांगेवाल्यांकडून लीद आणून ठेवली होती, ती सगळी जिरवली. श्रावणात भेंडी अशी उंच, की तोडायला शिडी. भादव्यात वांगं असं, की त्याच्या सावलीत मार्थाबाईंची कोंबडी खुडूक बसली. थंडीसाठी मेथीचे वाफे, टोमॅटोची रोपं — रात्री डोळे मिटले तरी मला हिरवंच दिसायचं हो!

आणि पडवळ! त्याचं बी मार्थाबाईंनीच दिलं. दुष्काळात आमच्या चाळीत कुणाकडे बी उरलं नव्हतं. बाईंनी तेवढं राखेत घोळून डब्यात जपलं होतं. मूठ उघडली आणि निम्मं माझ्या हातावर ठेवलं.

पडवळ वेटोळं घालू नये, सरळ लांब सुटावं, म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात. बाईंनी वेलावरची बाकीची सगळी खुडून एकच राखलं होतं, चिंधीत दगड बांधून. कापणीच्या सणाला ते चर्चमध्ये वाहायचं होतं. दुष्काळातून तगलो, तर पहिलं पीक देवाचं — असं त्या बोलून बसल्या होत्या.

आणि मी काय बोलून बसलो होतो? वर्कशॉपात, न्हाव्याकडे, बाजारात — की अख्ख्या जिल्ह्यात, अकोल्यापासून शेवगावापर्यंत, माझ्या पडवळाच्या तोडीचं पडवळ नाही! सकाळी देठाशी पाणी घातलं, तर टोकाला संध्याकाळी कळतं! लोक बघायला यायचे. सिंधू म्हणायची, "अहो, त्याला एकदाचं शाळेत घाला, म्हणजे सुटले मी."

पण मार्थाबाईंचं माझ्याहून वीतभर लांब होतं. कुंपणातून हात घालून मोजलं मी. पुन्हा मोजलं. वीत माझीच — तिला खोटं कसं पाडू? त्यातून वर्कशॉपातला एक जण घरी येऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाला, "फिटर, तुमचं पडवळ बघितलं. मग बाईंचंबी बघितलं." एवढंच. आणि हसला. बाकीचेही हसले.

त्या रविवारी बाई चर्चला गेल्या, सिंधू नळावर. मी कुंपण ओलांडलं. चिंधी सोडली, बाईंचा दगड खिशात टाकला आणि त्या जागी बांधला नट — रणगाड्याचा! तुम्हाला वाटेल, पुन्हा फेकतोय. नाही. हा खराच रणगाड्याचा होता.

पडवळ आणखी लांबावं म्हणून बांधला, असं सांगू का? छे! तोडायचंच होतं मला.

म्हणून तर सगळ्यांच्या आधी धावलो. पडवळावर ओणवा झालो, "अरेरे! वारा! काय हा वारा!" असं ओरडत चिंधीतला नट खिशात घातला आणि खिशातला दगड चिंधीत. इतका सफाईदार हात वर्कशॉपात माझा कधी चालला नाही.

बाईंनी चिंधी उचलली, सोडून बघितली, आणि वेलाखाली मटकन बसल्या.

"काल सांजंला मीच जड दगुड बांधला, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्यापरीस लांब व्हावं म्हनून. द्यायचं देवाला, आन् मनात शर्यत तुमच्याशी. लोभ केला मी."

नट मांडीला टोचत होता. एका शब्दाचं काम होतं. आणि मी — काय म्हणालो असेन मी? आवाज खाली आणून, मान हलवत म्हणालो, "खरंय बाई. लोभ वाईटच."

हे. हेच ते. नटाचं एक वेळ सांगता आलं असतं. हे वाक्य मात्र कुणाला सांगवलं नाही.

पुढचं ऐका. सणाला मी माझं पडवळ दिलं — उदार होऊन! बाईंनी ते दोन्ही हातांवर धरून वेदीपाशी नेलं. चर्चच्या पाळकांनी माझं नाव घेतलं, म्हणाले, शेजारी असावा तर असा. मग देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात माझ्या पडवळावर बोलीवर बोली चढली, टाळ्या पडल्या. मला लाज वाटली असेल, असं वाटतं तुम्हाला? कसली लाज! मी खूश होतो. घरी येताना शीळ घालत आलो.

बाईंचं एकच पडवळ होतं, ते कोवळंच तुटलं; त्यांच्याकडे बी म्हणून उरलं नाही. माझ्या वेलावर मात्र दुसरं एक वाळवलेलं होतं. पुढच्या मृगाला मी त्याचं बी राखेत घोळून घेऊन गेलो. बाई त्याच मांडवाखाली आळं करत होत्या. मी मूठ उघडली. त्यांनी बियांकडे बघितलं, हाताची माती झटकली.

"नको भाऊ," म्हणाल्या. "यंदापासून दोडका. त्याला दगुड लागत न्हाई."