वेगळी चूल

इंदूसोबत मी शेवटचं काय केलं? एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये बसून कॉम्प्युटरवाल्या पोट्ट्यांची बडबड ऐकली. बेचाळीस वर्षांच्या संसारातला शेवटचा दिवस असा वाया गेला. मला जायचंच नव्हतं. आमचा सुनील तिथं बोलणार होता, आणि सुनीलशी मी तीन वर्षं बोललो नव्हतो. पण इंदूनं सकाळीच माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खाटेवर ठेवला. ती भांडायची नाही. शर्ट काढून ठेवायची.

दारावर एक पोरगी सगळ्यांच्या गळ्यात नावाचं कार्ड अडकवत होती. तिनं विचारलं, "काकू, कोणत्या कंपनीकडून?"

"लकडगंजाकडून," इंदू म्हणाली. पोरीनं आमच्या मोहल्ल्याचं नाव तसंच कार्डावर लिहिलं. इंदू दिवसभर ते कार्ड मिरवत फिरली.

इंदू ब्लाऊज शिवायची. तिची कटाई अंगावर बसायची तशी गांधीबागेतल्या मोठ्या दुकानातलीही बसत नव्हती. आणि ही बाई ती कटाई पेपरवर काढून मागेल तिला देऊन टाकायची. मी ओरडायचो. तिचं उत्तर ठरलेलं, "दिल्यानं माहा कागद कोरा होते का जी?" मागच्या गल्लीतल्या एकीनं तिचेच कागद नेऊन दुकान टाकलं. इंदूनं एकदा त्यातलाच एक पाहायला मागितला, तर म्हणे आमचं डिझाइन आम्ही बाहेर दाखवत नाही! मी जाऊन भांडून आलो. इंदूनं जुना पेपर पसरला आणि पुन्हा काढला.

सुनील तिच्यावरच गेला. चांगली नोकरी सोडली आणि जगासाठी प्रोग्राम लिहायला बसला. कोणीही घ्या, कोणीही बदला. मी त्याला फुकट्या म्हणालो, त्याच्या बायकोसमोर. तो म्हणाला, "लाकूड कापण्याच्या पलीकडं तुम्हाले काय समजते?" आरा मशीनवर माझा जन्म गेला, त्याच लाकडावर हा शिकला. आठ दिवसांत तो बायकोला घेऊन मनीषनगरला वेगळा राहायला गेला.

तर हॉलमध्ये सगळे क्लाउड क्लाउड करत होते. मला वाटलं काय आहे बाबा. निघालं काय, तर दुसऱ्याच्या घरची मशीन, भाड्यानं. आता म्हणे लोक पुन्हा आपल्या घरी मशीन आणून राहिले. एवढं समजायला एवढी पोरं लागली! मग सुनील उभा राहिला. त्यानं सांगितलं, की एक प्रोग्राम सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं लिहिला, आणि एका कंपनीनं त्याला एक दिवस कुलूप लावलं. म्हणून या लोकांनी कुलपाच्या आधीची प्रत घेतली आणि तिथून पुढं आपलं आपण लिहायला लागले, त्याला म्हणे फोर्क करणं.

इंदूनं मला कोपर मारलं. "फोर्क म्हणजे तो खायचा काटा का जी?"

"हव. तुह्या पोराच्या डोक्यात टोचला तो."

ती हसली नाही. थोडं ऐकलं आणि म्हणाली, "काटा नाई जी. यायनं वेगळी चूल मांडली."

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तर हिनं हात वर केला. मी तिचा पदर ओढला, तरी तिनं माइक घेतला. "सुनील, वेगळी चूल मांडल्यावर मंग पुन्हा एक करता येते का रे?"

हॉल हसला. सुनील हसला नाही. "येते, माय. बाकी सगळं मशीनच जुळवते. पण दोघांनी एकच ओळ आपापल्या मनानं बदलली असली, तिथं मशीन थांबते. तिथं माणसालेच बसून पाहा लागते, कोणती ठेवायची."

इंदूनं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहत राहिलो. सुनील खाली आला तेव्हा मी चपला पायात सरकवून बाहेर निघून गेलो.

संध्याकाळी घरी आल्यावर ती पायरीवर बसली. गळ्यात कार्ड तसंच. "छातीत जड लागून राहिलं जी," म्हणाली. ऑटो दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली.

दुसऱ्या दिवशी घाटावर नेलं. घरी चूल पेटवायची नव्हती. गॅसच्या शेगडीलाही इंदू चूलच म्हणायची. शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून दिला. येणारा जाणारा मला सांगत होता, इंदूबाई किती चांगल्या होत्या. मागच्या गल्लीतली ती बाईसुद्धा रडत आली. मी तिला दारातूनच परत पाठवलं.

त्याच्या पुढच्या सकाळी मी उठून शेगडी पेटवली. घरी थांबलेली माझी वहिनी धावत आली. "भाऊजी, सुतकात चूल पेटवत नाई!"

"पेटली. इझवून दाखव."

घाटावरून आल्यापासून सुनील घरीच होता, भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्याकडं पाठ करूनच बोललो, "फुकट्या म्हटलं, थे ओळ माही होती. खोडली मी."

तो म्हणाला, "लाकडाची माही होती, बाबा."

मी चहाचा कप पुढं केला. त्यानं एक घोट घेतला आणि थांबला.

"काय झालं बे?"

"साखर. बंद केली मी. तीन वर्षं झाली. मायले माहीत होतं."

मी त्याच्या हातातला कप घेतला, मोरीत ओतला आणि पुन्हा पाणी ठेवलं.