मोरबीची टाइल आणि मामांचा कान

जगात दोनच गोष्टी अस्सल, असं माझ्या मामेसासऱ्यांचं ठाम मत: मोरबीची टाइल आणि त्यांचा उजवा कान. हळ्ळीखेडला त्यांचं टाइलचं दुकान. मोरबीहून ट्रक आला की मामा खोकी फोडणार, एकेक टाइल कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवणार. खणखणीत वाजली तर पास. बद्द वाजली तर आत चीर आहे, ठेवा बाजूला. मोरबीला आयुष्यात एकदाच गेलेत, तेही दोन दिवस, पण बोलतात असं की जणू बारसं तिथंच झालं. "काय गाव हाय जावईबापू! नुसत्या भट्ट्याच भट्ट्या. मातीचं सोनं करायलेत लोक!" बरं, कलिंगड वाजवा, माठ वाजवा, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या लग्नात आहेराचा पितळी हंडा या गृहस्थांनी भर मांडवात वाजवला आणि "बद्द हाय" म्हणून जाहीर केलं. हंडा देणारी माझी आत्या अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

मैलूरला आम्ही घर बांधलं, तेव्हा स्वयंपाकघराची टाइलन् टाइल मामांनीच पास केली. महिनाभरात ओट्यासमोरची एक दुभंगली. गवंडी म्हणाला, "मूळचीच चीर व्हती, साहेब." झालं! मी तणतणत हळ्ळीखेड गाठलं. मामा माल तपासत होते, शेजारी स्टुलावर मामी. मामांनी टाइल वाजवली. मला दारातून ऐकू आलं, बद्द. मामांनी मात्र मामींच्या तोंडाकडं पाहिलं. मामींनी हळूच नकाराची मान हलवली, तेव्हा कुठं ती टाइल बाजूला गेली.

चहाच्या निमित्तानं मामींनी मला आत नेलं. "ह्यांचा कान गेलाय, दोन वर्सं झाली. तुमच्या मालाच्या वक्ताला मी माहेरी मेहकरला व्हते. चुकलं म्हणून कळलं तर दुकान बंद करतील. मग घरात बसून काय करावं ह्या माणसानं? सांगू नका, जावईबापू."

बाहेर आलो तर मामा वाट बघत उभे. "कामून आलाव? टाइल बरी हाय न्हवं?" चेहरा एवढासा झालेला.

"खणखणीत, मामा!" मी ओरडलो.

त्या टाइलवर आम्ही आता पायपुसणं टाकलंय. मामा येतात, शेजारच्या टाइलजवळ उकिडवे बसतात, पेरानं वाजवतात आणि माझ्या तोंडाकडं बघतात. भांडायला गेलो होतो त्याची मला अजून लाज वाटते. मी मान डोलावतो, आणि मामा माझ्या बायकोला सांगतात, "ऐकलीस? मोरबी हाय ही, मोरबी!"