साठ किलोच्या गटातली प्रज्ञा

प्रज्ञा गेल्याची बातमी मला तिला हरवणाऱ्या मुलीनं दिली. दुपारी अमरावतीहून स्नेहलचा फोन आला. ती म्हणाली, "ताई, प्रज्ञा गेली... मी इथंच होती, तिचा हात धरून होती." डेंग्यू. प्रज्ञा अकोल्याहून स्नेहलकडे आठवडाभराच्या सरावासाठी गेली होती. तिथंच ताप आला, तिथंच दवाखान्यात भरती झाली आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. आता दीड महिना होईल. बॉक्सिंगच्या रिंगणात समोर उभी राहणारी मुलगी शेवटी उशाशी कशी, हे सांगायचं तर त्या दोघींच्या दोन लढतींबद्दल सांगायला हवं.

प्रज्ञा आणि मी एकाच गल्लीत वाढलो. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. आई अंगणवाडीत मदतनीस. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त, मी अक्षरं शिकले तीही पत्रकांवरच. त्यामुळे विभागीय स्पर्धेच्या अंतिम लढतीत प्रज्ञा हरली तेव्हा माझं पत्रक लिहायच्या आधीच तयार होतं. स्नेहल मोर्शीकडची, संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी. साठ किलोच्या गटात तिला कित्येक वर्षांत कुणी हरवलं नव्हतं. आणि समोर आमच्या वस्तीची पोर. दुसऱ्या फेरीत रेफ्रीनं आठपर्यंत मोजलं, हात हलवले आणि लढत थांबवली. त्याच संध्याकाळी मी 'अकोल्याच्या लेकीवर अन्याय' असं पत्रक काढून चौकाचौकांत वाटलं. असा अन्याय होत नाही असं नाही. होतो, मी पाहिलाय, आणि पुन्हा दिसला तर पुन्हा लिहीन. पण त्या दिवशी तो झाला नव्हता, हे मला प्रज्ञानंच सांगितलं. सुजलेल्या डोळ्यानं ती घरी आली आणि पत्रक माझ्यापुढं टाकलं.

"हे काय लिवलं वं तू?"

"मंग काय गप बसू? तुले मधातच थांबवलं त्यानं!"

"थांबवलं म्हून वाचली. मले दोन-दोन स्नेहल दिसून राहिल्या होत्या, कोनतीले मारू? त्यानं थांबवलं नसतं तं तुले दुसरंच पत्रक छापा लागलं असतं, माह्या फोटोचं." मग ती हसली, आणि ओठ फाटलेला असल्यामुळे कळवळली. "मी हरली. ते तरी माह्यापाशी राहू दे ना बाई."

दुसऱ्याच दिवशी तिनं स्नेहलला फोन करून पत्रकाबद्दल माफी मागितली, आणि त्याच फोनवर बजावलं की पुढच्या वर्षी साठमध्येच भेटू. हे ऐकून प्रज्ञाच्या बॉक्सिंगच्या सरांनी कपाळावर हात मारला. त्यांचं म्हणणं साधं होतं. वजन उतरव, सत्तावन्न किलोच्या गटात ये, तिथं तुझ्या तोडीची कुणी नाही. विभागात पहिली आलीस की राज्य स्पर्धा, तिथं पदक, पदकावर क्रीडा कोट्यातून नोकरी. आईच्या मानधनावर चालणाऱ्या घरात या वाक्याचं वजन काय असतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी प्रज्ञानं नाही म्हटलं. मला वाटायचं, तिनं ते क्षणात म्हटलं असणार. अशी माणसं मला आवडतात, पत्रकात नीट बसतात.

काही महिन्यांनी सराव संपल्यावर ती पायरीवर बसून हातांवरच्या पट्ट्या सोडत होती, तेव्हा मी विचारलं, "जिच्यासंगं जिंकता येत नाही, तिच्यासंगंच काहून लढाचं आहे तुले?"

तिनं पट्टी पूर्ण सुटू दिली...

"मी भेली होती वं. ठोसा लागल्यावर नाही, लागाच्या आधी. तिनं नुसता खांदा हलवला अन् माहे हात खाली आले. हरलीचं काही नाही, हरते मानूस. पन ते भेव गेलं का हाय, हे सत्तावन्नातल्या पोरीले मारून मले कसं समजन? जिच्यासमोर भेली, तिच्यासमोरच पाहा लागन ना."

पुढच्या वर्षी अमरावतीत पुन्हा अंतिम लढत, पुन्हा स्नेहल. प्रज्ञा पुन्हा हरली. तिन्ही फेऱ्या पूर्ण झाल्या, पाचही पंचांनी स्नेहलला विजयी ठरवलं, आणि कुणाचं काही चुकलं नाही. पण तिसऱ्या फेरीत एकदा स्नेहलनं खांदा हलवला आणि प्रज्ञा जागची हलली नाही. उलट पुढं सरकली आणि स्नेहलची पाठ दोराला लागली. घंटा झाल्यावर स्नेहल तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "माय वं, आज तं तू मलेच भेवाडलं!" त्या दिवसापासून दोघी एकत्र सराव करू लागल्या. पदक आलं नाही. नोकरीचं वय एकेका वर्षानं सरत राहिलं, आणि प्रज्ञा सकाळी पोरींना बॉक्सिंग शिकवून दिवसा एका दुकानात काम करत राहिली.

गेल्या रविवारी मी काकूंकडे, प्रज्ञाच्या आईकडे गेले. आतल्या खोलीच्या दारामागं पेन्सिलीनं आकडे लिहिलेले आहेत, प्रज्ञाचं रोज सकाळचं वजन, तारखेसकट. मी पहिल्या पराभवानंतरच्या तारखा शोधल्या. ५९.६. ५९.१. ५८.३... आकडे खाली उतरत गेले होते, आणि एका सकाळी ५६.९. म्हणजे ती सत्तावन्नात पोचली होती. आम्हाला कुणालाच न सांगता, उपाशी राहून, आईसाठी पोचली होती. त्याच्या दुसऱ्या सकाळी ५७.५. मग ५८.

मी काकूंना ती जागा दाखवली. आकड्यांचं त्यांना काही समजलं नाही, पण ते दिवस आठवत होते.

"दोन हप्ते पोरगी धड जेवलीच नाही. ताटावर बसे अन् उठे. मंग एक दिवस गॅसपाशी येऊन बसली. म्हने, आई, दोन भाकरी वाढ, चटनी वाढ, वरतून तेल टाक. मी काही इचारलं नाही, बाई. मले वाटलं, बरं झालं, पोरीले भूक लागली."