भागाबाईचं नाक

भागाबाई बोलायच्या आधी वास घ्यायची. दिवेलागणीला ती मारुतीच्या चौकात, पारावर बसायची. शेतातून, बाजारातून येणारा पुरुष समोर आला की म्हणायची, "हाह कर." तो मुकाट्याने तोंड उघडायचा. म्हातारा असो की मिशी फुटलेला पोरगा. एकदा वरातीतल्या नवरदेवाला घोड्यावरून वाकवून तिने त्याचा वास घेतला होता आणि मगच वाजंत्री पुढे सरकली.

ती आमच्या दारूबंदी मंडळाची अध्यक्ष. नियमही तिचाच. ज्याच्या तोंडाला वास येईल, त्याने दुसऱ्या सकाळी सगळा चौक झाडायचा. कुणीतरी म्हणालं, पैशाचा दंड लावा. ती म्हणाली, "दंड भरन कोन? त्याची बायको. खराटा त्याले सोताच धरा लागन." त्यामुळे केशोरीकडच्या गावांत आमच्या चौकाइतका स्वच्छ चौक नव्हता. सगळ्यात जास्त झाडला तो तिच्या दिराने, दौलतभाऊंनी.

एका वर्षी दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला तिचे जावई आले. ते नाशिककडे द्राक्षांच्या कामाला होते. जाताना त्यांनी सासूच्या हातात एक बाटली ठेवली. "आत्याबाई, द्राक्षाची वाईन आहे. गोड असते, हलकी." जावयाला खराटा कसा देणार? ते बसमध्ये बसले, आणि भागाबाई बाटली पदराखाली घेऊन थेट माझ्या परसात आली.

"शेवंते, हे दारू हाय का सरबत?"

बाटलीवर सगळं इंग्रजी. मी चौथी शिकलेली, ती शाळेत न गेलेली. मी म्हटलं, "मावशी, चौकात ओतून टाका ना."

"अन् सरबत निंगलं तं? निर्दोष जीव जाईल ना वो."

दुपार छान होती. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिरा येणारा भारी धान अजून उभा होता, त्यामुळे दोघींनाही काम नव्हतं. बाटली आम्ही माठाखालच्या ओल्या वाळूत पुरली आणि गार झाल्यावर सीताफळाच्या झाडाखाली बसलो. चहाचे दोन स्टीलचे गिलास घेतले. भागाबाईने आधी वास घेतला, मग जिभेचं टोक लावलं, मग डोळे मिटले.

"काय हाय?" मी विचारलं.

"समजून नाही राहिलं. आनखी पाहा लागन."

पिकल्या द्राक्षाची गोडी, मागून किंचित आंबूस. गिलास संपेपर्यंत उन्हाला घाई नव्हती. भागाबाई लेकीच्या लग्नातल्या रुसलेल्या व्याह्याची नक्कल करू लागली. मी इतकी हसले की पदर तोंडात कोंबावा लागला. आणि तेवढ्यात कुंपणापाशी दौलतभाऊ उभे. विळा मागायला आले होते. त्यांनी बाटली पाहिली, गिलास पाहिले. कितीतरी वर्षं वाट पाहिल्यासारखे सावकाश म्हणाले, "वहिनी, हाह करा बरं."

भागाबाईने गिलास खाली ठेवला, उभी राहिली आणि तोंड उघडलं, "हाह."

"गोड हाय!" दौलतभाऊ ओरडले आणि विळा न घेताच गावात पळाले.

त्या संध्याकाळी पार रिकामा राहिला. "आता माह्यापुढं कोन तोंड उघडन वो?" एवढंच ती म्हणाली. उरलेली अर्धी बाटली तिने चौकात नेऊन ओतली. ओतताना तोंड असं केलं होतं, जणू लेकीला सासरी पाठवतेय.

सकाळी खराट्याचा आवाज आला. चौकात पुरुष जमले होते. मधे भागाबाई झाडत होती.

"काऊन झाडून राहिल्या, भागाबाई?"

"काल प्याली म्हून."

"कशी होती?"

"तुमच्या तोंडापरीस बरी."

मी चौकातून कधी मान वर करून गेले नव्हते. त्या दिवशी घरचा खराटा घेऊन गेले आणि दुसऱ्या टोकाकडून झाडायला लागले. दौलतभाऊंनी डोळे मोठे केले. "शेवंताबाई, तुमी बी?"

"एकच गिलास," मी म्हटलं. चौक हसून हसून वाकला.

संध्याकाळी ती पारावर बसली. लोक लांब उभे होते. दौलतभाऊ आले, तिच्याकडे पाहत राहिले.

"हाह कर," ती म्हणाली. नेहमीपेक्षा हळू.

त्यांनी तोंड उघडलं. नुसता कांद्याचा वास. "जा," ती म्हणाली, आणि मागे रांग लागली.

काही वर्षांनी भागाबाई गेली. तिरडी अंगणात ठेवली होती. दौलतभाऊ तिच्याजवळ वाकले आणि कुणी न सांगता त्यांनी तोंड उघडलं. "पाहा वहिनी. काहीच नाही."

मी शेजारीच उभी होते. वास येत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चौकात खराट्याचा आवाज आला. बाहेर जाऊन पाहायची गरज नव्हती.