तेरा पेपरांचा सत्कार

वाशीमच्या ज्या कॉलेजात मी गणित शिकले, त्यांनी माझा सत्कार ठरवला तेव्हा वडिलांनी नवा शर्ट शिवून घेतला. मी अ‍ॅक्चुअरी झाले होते. आमच्या गावी, अनसिंगमध्ये, ते सगळ्यांना एकच सांगत: विमा कंपनीनं हप्ता किती घ्यावा, याचं गणित करणारी. तेरा पेपर आणि नऊ वर्षं त्यात येत नसत. दिवसभर पुण्यात नोकरी, पहाटे उठून अभ्यास. एका पेपरात मी तीनदा नापास झाले.

सत्काराचं भाषण माझ्याच गणिताच्या सरांनी केलं. शेवटच्या वर्षी मी या परीक्षेबद्दल विचारायला गेले, तेव्हा ते म्हणाले होते, बी.एड. कर, तुम्हा बौद्धांना जागा असतात. आता माइकवर कौतुकानं म्हणाले, की सरकारी सवलतींचा असा सदुपयोग प्रत्येकीनं करावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या वडिलांनीही वाजवल्या.

हातातला नारळ टेबलावर ठेवून मी माइक मागितला.

"सर, या परीक्षेत राखीव जागा नसतात. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. तपासणाऱ्याला माझी जात माहीत नव्हती. ती तुम्हाला माहीत होती."

मला आणखी बोलायचं होतं. राखीव जागेवर वडिलांना शिपायाची नोकरी लागली, त्यावर आमचं घर उभं राहिलं, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही, हे सांगायचं होतं. पण आवाज फाटला. मुलगी भावनाप्रधान आहे, असं हसून म्हणत सरांनी पुढचं नाव पुकारलं.

बसमधून अनसिंगला उतरल्यावर वडील म्हणाले, "सरायले चारचौघात असं बोलाचं नव्हतं."

"काहून नव्हतं? खोटं बोलली का मी?"

"खरं बोलली. पण तू उद्या पुण्याले जाशीन. मले याच लोकायत राहा लागते."

मी त्यांच्यावरही इतकी चिडले, की जेवले नाही. सकाळी त्यांना न सांगता निघाले.

महिन्याभरानं कॉलेजच्या अंकात बातमी आली. माझं बोलणं गाळलं होतं, सवलतींचं वाक्य तेवढं छापलं होतं. मी आईला फोनवर सांगत होते, की आता यांना सोडत नाही. आई म्हणाली, तुझ्या बाबांनी कालच प्राचार्यांना पत्र टाकलं. मुलीनं जे म्हटलं ते जसंच्या तसं छापा, असं लिहिलंय, खाली सही केलीय.

उत्तर आलेलं नाही. वडिलांनी दुसरं पत्र पाठवलं आहे.