तात्यांची न्हाणीघरातली उदबत्ती

हवा बाहेर फेकणारा पंखा बसवायला आले की तात्या टेस्टरच्या आधी उदबत्ती काढत. बिडी खोचावी तशी कानामागे खोचलेली असायची. न्हाणीघरात उकिडवे बसून ती पेटवत आणि धुराकडे टक लावून बघत राहत. "तात्या, सत्यनारायण घालताय का न्हाणीत?" असं मी एकदा विचारलं होतं. हिंजवडीशेजारच्या माणमध्ये माझ्या चार खोल्या भाड्यानं काय गेल्या, पन्नाशीची ही घोडी स्वतःला मोठी मालकीण समजायला लागली होती.

तात्या मूळचे मेंढरंवाले. निम्मं आयुष्य मुळशीच्या डोंगरउतारांवर कळपामागे गेलं. चरायच्या रानात इमारती उठल्या तेव्हा ते वायरिंग शिकले. वारा मात्र मेंढरांमागेच शिकले होते. पंखा बंद असताना बाहेरचा वारा उलटा आत शिरू नये म्हणून पंख्यामागे झडप लावत आणि ती बोटानं दहादा हलवून बघत. "वारं मेंढरागत हाय वैनी," म्हणायचे. "एक म्होरं गेलं की मागनं दुसरं येतंय. कुटनं येतंय, त्ये बगावं लागतं."

मी कुठली बघतेय! वरच्या खोलीत प्राजक्ता राहायची, नांदेडहून हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला आलेली. तिच्या न्हाणीघरातला पंखा जळाला, आणि तात्या नेऱ्याला लेकीकडे गेलेले. मग मी दुप्पट ताकदीचा पंखा आणून दुसऱ्याच कुणाकडून बसवून घेतला. कागद धरला तर फट्दिशी चिकटायचा. मी शेजारणींना वर नेऊन दाखवला. वर आणखी अक्कल चालवली. पोरीला गार वारा लागतो म्हणून दाराखालच्या फटीवर लाकडी पट्टी ठोकली. गॅसचा गिझर आतच होता.

आठ दिवस पोरगी डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणत होती. मी म्हटलं, कॉम्प्युटरात डोळे घालून बसल्यावर दुसरं काय होणार?

तात्या परतले आणि नव्या पंख्याला झडप आहे का ते बघायला वर आले. त्यांनी गिझर पेटवला, पंखा लावला, दार ओढून घेतलं. मजा बघायला मीही आत. उदबत्ती गिझरच्या धुराड्यापाशी धरली, तर धूर वर जायचा सोडून आमच्याच तोंडावर आला. तात्यांनी झटकन गिझर बंद केला आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

"पंखा हवा वडतोय. दाराखालनं वाट न्हाई, मग धुराड्यातनं उलटी वडणार. पोरगी रोज जळका गॅस पितीया वैनी. त्येला वास बी नसतोय. आनी चार दिस गेलं असतं तर..."

प्राजक्ता जिन्यात उभी होती. पट्टी कुणी ठोकली, हे त्यांनी तिच्यासमोर विचारलं नाही. दुपारपर्यंत गिझर गॅलरीत गेला, पट्टी निघाली, झडप लागली. मग पुन्हा उदबत्ती, दाराच्या फटीपाशी. धूर शहाण्या कळपासारखा सरळ पंख्याकडे चालत गेला. माझे हात आपोआप जोडले गेले.

"आता घाला सत्यनारायण," तात्या म्हणाले.

पुढे काही वर्षांनी तात्या वारले, तेव्हा प्राजक्ता आपल्या छोट्या लेकीला घेऊन त्यांच्या घरी आली होती. खोलीत माणसं दाटलेली, दार कुणीतरी लोटून घेतलेलं. फोटोपुढे उदबत्ती होती आणि तिचा धूर जागच्या जागी घुटमळत होता. मी उठले आणि दार वीतभर उघडलं. धूर हलला, वळला, समोरच्या खिडकीकडे निघाला. तेव्हा कुठे मला रडू आलं.