भोंग्याची गल्ली

गावात त्याला सगळे भोंगा म्हणत आणि तोही खुशाल ओ देई. पाणी येणार नाही, कुत्र्यांना लस टोचून घ्या, अमुक रस्ता बंद, नगरपालिकेला जे लोकांच्या कानांवर घालायचं असेल ते तो तीनचाकीवर कर्णा बांधून गल्लोगल्ली ओरडत फिरे. नुसतं बोलून पोट भरणारा गावात तो एकटाच. निवडून आलेले सोडले तर.

स्वतःच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मात्र तो कर्णा बंद करी. त्याची थोरली बहीण इस्पितळात आया होती, कायम रात्रपाळीला, म्हणून दिवसा झोपे. आई गेल्यावर ह्याला तिनंच वाढवलं, स्वतःचं लग्नबिग्न बाजूला ठेवून. तिची झोप मोडायची त्याची छातीच नव्हती. महत्त्वाचं काही असलंच तर संध्याकाळी तो ताईला सांगे आणि ताई दारात उभी राहून गल्लीला सांगे. गेल्या वर्षी ताई निवृत्त झाली, दिवसा टक्क जागी राहू लागली, तरी कोपरा आला की ह्याचा हात आपोआप बटणाकडे जाई. अंगवळणी पडलेलं असं सुटतं थोडंच!

नव्या विकास आराखड्याची घोषणा तर अगदीच रटाळ होती. आराखडा कचेरीत लावला आहे, कुणाची हरकत असल्यास महिन्याभरात द्यावी. हे मोठ्या लोकांचं प्रकरण, असं समजून तो ताईपाशी बोललाही नाही. कचेरीत मात्र सांगून मोकळा झाला, ‘सगळ्या गल्ल्या झाल्या.’

मुदत संपली आणि मोजणीवाले आले. ताईच्या दारात खुंटी ठोकली तेव्हा कळलं, तिच्या बाजूच्या अख्ख्या ओळीवर ट्रकतळाचं आरक्षण पडलंय. भोंग्याची भाड्याची खोली समोरच्या ओळीत होती, ती वाचली. ताईच्या दोन खोल्या जाणार होत्या. उभ्या जन्माच्या रात्रपाळ्या तिनं त्या भिंतींत घातल्या होत्या.

कचेरीतल्या कारकुनानं शेजारच्या शिंप्याला एकच वाट सांगितली. घोषणा गल्लीत पोचलीच नाही असं सिद्ध झालं तर नवी मुदत मिळते. ते भोंग्याच्याही कानांवर आलं. खरं बोलावं तर काम जातं, आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं. गप्प बसावं तर ताईचं छप्पर जातं.

सुनावणीला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. नगररचना अधिकारी कागदातून मान वर न करता म्हणाले, ‘‘घोषणा झाली, हरकत आली नाही. विषय संपला.’’

‘‘आमच्या कानांवर आलीच नाही, साहेब!’’ शिंपी ओरडला.

‘‘घोषणावाला कुठाय?’’

भोंगा भिंतीला टेकून उभा होता. तो कर्णा बंद करतो हे गल्लीतलं शेंबडं पोरही जाणत होतं, पण ताईसमोर तिच्या भावाचं नाव घ्यायला कुणाची जीभ रेटेना. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं.

तेवढ्यात ताई उठली. ‘‘झाली होती, साहेब. मी ऐकली. गल्लीला सांगायचं माझ्याकडे असतं, मीच विसरले. म्हातारीचं डोकं.’’

‘‘ताई, अहो घर जातंय!’’ शिंप्यानं कपाळावर हात मारला.

‘‘माझं मी बघेन,’’ ताई म्हणाली. तिनं भावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साहेबांनी पेन उचललं.

‘‘ताई खोटं बोलतेय,’’ भोंगा पुटपुटला.

‘‘काय? मोठ्यानं बोला!’’

मग तो बोलला, असा की मागच्या बाकावर पेंगणारा शिपाई दचकून उभा राहिला. ‘‘आमच्या गल्लीत घोषणा झालीच नाही! मी तिथे कर्णा बंद करतो, वर्षानुवर्षं. सगळ्या गल्ल्या झाल्या म्हणून मी कचेरीत खोटं सांगितलं!’’

साहेबांनी उचललेलं पेन खाली ठेवलं. मग निकाल दिला. गल्लीला हरकतीसाठी आणखी एक महिना. घोषणावाल्याचं काम आजपासून बंद. आरक्षण उठेल की राहील, ते पुढचं पुढे.

बाहेर पायऱ्यांवर ताईनं त्याला गाठलं आणि पाठीत एक रट्टा घातला. ‘‘कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? घर गेलं असतं तर तुझ्या खोलीत पथारी टाकली असती मी. आता खाणार काय, माती?’’ बोलता बोलता तिनं पदर डोळ्यांना लावला. तिला रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

‘‘तुझ्याकडे जेवीन,’’ तो म्हणाला. ‘‘महिनाभर तरी घर आहे ना तुझं.’’